आलेखाच्या अक्षावर तारखा का चुकतात?

स्प्रेडशीटमधल्या आलेखाचा आडवा अक्ष बहुतेक वेळा काळ दाखवतो: पावसाळ्याचे चार महिने, एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष, बाजार समितीतल्या भावांचा हंगाम. अक्ष कुठल्या तारखेला सुरू करायचा, कुठे संपवायचा आणि मधल्या खुणा किती अंतरावर ठेवायच्या, हे एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्क स्वतःच ठरवते. एरवी हा निर्णय बरोबर येतो. चुकतो तेव्हा मात्र चार महिन्यांच्या नोंदींचा आलेख १९०० सालापासून सुरू होतो, ताज्या नोंदी दिसेनाशा होतात, अक्षाखाली ‘जून, जून, जून’ अशी रांग लागते, किंवा जुलैतला मुसळधार पाऊस फेब्रुवारीत पडलेला दिसतो. अशा वेळी हात पहिल्यांदा अक्षाच्या सेटिंगकडे जातो. पण दोष बहुधा अक्षात नसतो, तारखांच्या रकान्यात असतो. म्हणून तपासणीची सुरुवातही रकान्यापासूनच व्हायला हवी.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. त्या हिशेबाने १ मे १९६० हा २२,०३७वा आणि १ जून २०२५ हा ४५,८०९वा दिवस ठरतो. सेलमध्ये साठवलेला असतो तो हा आकडा. ‘०१-०६-२०२५’ किंवा ‘१ जून’ ही त्याला दिलेली निव्वळ वेशभूषा. वेळ अपूर्णांकात साठते: दुपारचे बारा म्हणजे ०.५, एक तास म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग. गूगल शीट्स आणि कॅल्क मोजणी थोडी वेगळी सुरू करतात. ती ३० डिसेंबर १८९९ ला शून्य मानतात. तरीही १ मार्च १९०० पासून पुढे तिन्हींचे आकडे जुळतात. त्याला कारण एक जुनी चूक आहे. लोटस १-२-३ या १९८३ साली बाजारात आलेल्या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरले होते, प्रत्यक्षात ते नव्हते. लोटसच्या फायली एक्सेलमध्ये बिनचूक उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक तशीच ठेवली. त्यामुळे कधीही न उजाडलेली २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख एक्सेलमध्ये साठाव्या क्रमांकावर आजही आहे.

आकडा असेल तरच अक्षाला काळाचे अंतर कळते. सेलमध्ये तारखेसारखा दिसणारा मजकूर असेल, तर सॉफ्टवेअरसाठी ते गावाच्या किंवा पिकाच्या नावासारखे एक नाव असते. दोन नावांमध्ये किती दिवस आहेत, हे कोण सांगणार?

रकाना आधी, अक्ष नंतर

रकान्यातल्या तारखा खऱ्या आहेत की नुसता मजकूर, हे ओळखायला चार सोप्या कसोट्या आहेत. एक नजरेची: सेलची मांडणी हाताने बदललेली नसेल, तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. दुसरी फॉरमॅटची: रकाना ‘जनरल’ फॉरमॅटमध्ये टाकला की खऱ्या तारखांचे पाच अंकी आकडे होतात, मजकूर जसाच्या तसा राहतो. तिसरी मोजणीची, आणि शेकडो ओळी असतील तर हीच खरी उपयोगाची. ‘काउंट’ हे फंक्शन फक्त आकडे मोजते, ‘काउंटए’ रिकामे नसलेले सगळे सेल मोजते. दोन्ही उत्तरे सारखी आली नाहीत, तर जितका फरक तितके मजकुराचे सेल. चौथी कसोटी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ची: रकान्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख कोणती, हे त्यातून क्षणात कळते. अक्षाचा पल्ला या दोन तारखांवरच ठरत असल्यामुळे आलेखातली निम्मी कोडी इथेच सुटतात.

मजकूर येतो कुठून? आपल्याकडचा एक नेहमीचा मार्ग म्हणजे टिंबे. सरकारी पत्रांत आणि नोंदवह्यांत ०१.०६.२०२५ असे लिहायची पद्धत आहे. भारतीय किंवा अमेरिकी सेटिंगवरचे एक्सेल सहसा अशी नोंद तारीख म्हणून स्वीकारत नाही, नुसते १.६ लिहिले तर त्याचा दशांश आकडा होतो. दुसरा मार्ग तारखेच्या आधी किंवा नंतर राहिलेल्या अदृश्य मोकळ्या जागेचा. पोर्टलवरून उतरवलेल्या तक्त्यांत ती वारंवार सापडते. तिसरा मार्ग सेलच्या सुरुवातीच्या एकेरी अवतरणचिन्हाचा, जे पुढचे सगळे मजकूर मानायला लावते. हे तिन्ही प्रकार निदान दिसतात तरी. चौथा प्रकार दिसत नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान तोच करतो.

दिवस आणि महिना यांची अदलाबदल

एखाद्या पर्जन्यमापक केंद्राची नैर्ऋत्य मोसमी पावसाची नोंद घ्या. हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीनुसार हा हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवसांचा. नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये आहेत आणि तारखा आपल्या रीतीने दिवस-महिना-वर्ष अशा लिहिलेल्या आहेत: ०१/०६/२०२५, ०२/०६/२०२५, ०३/०६/२०२५. ही फाइल अमेरिकी प्रादेशिक सेटिंग असलेल्या संगणकावर दोनदा क्लिक करून उघडली, की एक्सेल पहिला अंक महिन्याचा समजते. १ जूनची होते ६ जानेवारी, २ जूनची ६ फेब्रुवारी, आणि १२ जूनची ६ डिसेंबर. १३ तारखेला गाडी अडते, कारण तेरावा महिना नसतो. १३/०६/२०२५ पासून ३० जूनपर्यंतच्या तारखा मजकूर म्हणून राहतात. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्येही हेच घडते.

हिशेब असा पडतो: १२२ पैकी ४८ तारखा आकडे होतात, ७४ मजकूर राहतात. त्या ४८ पैकी ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर या चारच बरोबर असतात, कारण त्यांत दिवस आणि महिना एकच आहे. उरलेल्या ४४ चुकलेल्या. ‘काउंट’ ४८ सांगेल, ‘काउंटए’ १२२. ‘मिन’ ६ जानेवारी दाखवेल आणि ‘मॅक्स’ ९ डिसेंबर.

डोळ्यांना मात्र यातले काहीच दिसत नाही. अमेरिकी पद्धतीत ६ जानेवारी २०२५ ही तारीख १/६/२०२५ अशीच लिहिली जाते, म्हणजे मूळ फाइलमधल्या १ जूनशी ती दिसायला जुळते. तक्ता वरून खाली वाचणाऱ्याला सगळे ठीक वाटते. महिना अक्षरांत दाखवणारा फॉरमॅट दिला की गोष्ट उघडी पडते: लागोपाठच्या ओळींत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे महिने पळू लागतात.

याहून घातक ठरते ती अर्धवट दुरुस्ती. कुणाच्या तरी लक्षात येते की काही तारखा डाव्या कडेला आहेत. तेवढे ७४ सेल ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून तारखांमध्ये बदलले जातात. आता सगळा रकाना उजवीकडे आला, ‘काउंट’ आणि ‘काउंटए’ दोन्ही १२२ झाले. आलेख काढला की अक्ष ६ जानेवारीला सुरू होऊन ९ डिसेंबरला संपतो आणि दर महिन्याच्या ६, ७, ८ आणि ९ तारखेला पावसाचे एकाकी ठिपके उभे राहतात. इथे अक्षाची किमान मर्यादा १ जून आणि कमाल ३० सप्टेंबर अशी हाताने बसवली, तर आलेख वरवर नीट दिसेल. पण ३२ दिवसांचा पाऊस कडेबाहेर गेलेला असेल आणि आत राहिलेल्यांतले १२ दिवस भलत्याच तारखांवर जाऊन बसलेले असतील. अक्षाची सेटिंग बदलून रकान्यातली चूक झाकता येते, सुधारता येत नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे मूळ फाइल पुन्हा आणणे. एक्सेलमध्ये ‘डेटा’ मेनूतून मजकूर फाइल आयात करताना तारखांची प्रादेशिक पद्धत सांगता येते. कॅल्क सीएसव्ही उघडतानाच प्रत्येक रकान्याचा प्रकार विचारते. तिथे दिवस-महिना-वर्ष निवडायचे. गूगल शीट्समध्ये ही सेटिंग संगणकाची नसून फाइलची असते. ‘फाइल’ मेनूतल्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘लोकेल’ भारत केले की नव्या नोंदी आपल्या क्रमाने वाचल्या जातात. आधीच उलटलेल्या तारखा मात्र त्याने सुलट होत नाहीत. मूळ फाइल हाताशी नसेल, तर उलटलेल्या सेलसाठी ‘डेट’ फंक्शनमध्ये महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना घालून नवा रकाना करावा लागतो. हे काम ७४ मजकूर सेल बदलण्याआधीच करायचे. एकदा सगळे सेल आकडे झाले, की उलटलेला कोणता आणि सुलट कोणता हे ओळखायला ओळींच्या क्रमाशिवाय काहीच हाती उरत नाही. मुळात नोंद २०२५-०६-०१ अशी वर्षापासून केली, तर ही वेळच येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकाचा हा क्रम तिन्ही सॉफ्टवेअरना कुठल्याही सेटिंगवर नीट कळतो.

अक्ष १९०० किंवा १९०५ मध्ये का जातो

अक्षावर ‘जानेवारी १९००’ दिसले की त्याचा अर्थ ठरलेला: अक्षाला तारखेच्या जागी फार छोटा आकडा मिळाला आहे. एक्सेलमध्ये स्कॅटर आलेखाच्या आडव्या रकान्यात मजकूर सापडला, की एक्सेल त्या आकड्यांचा नाद सोडते आणि १, २, ३ असे क्रमांक वापरते. त्या क्रमांकांना तारखेचा फॉरमॅट असला की अक्षावर १ जानेवारी १९००, २ जानेवारी १९०० अशा तारखा उमटतात. मजकूर-तारखांवर सक्तीने ‘डेट ॲक्सिस’ लादले तरी हेच होते.

दुसरे कारण शून्य. एका पानावरचा रिकामा सेल दुसऱ्या पानावर सूत्राने ओढला, की उत्तर रिकामे न येता शून्य येते. एक्सेलमध्ये ते ०० जानेवारी १९०० असे दिसते, शीट्स आणि कॅल्कमध्ये ३० डिसेंबर १८९९. शेकडो बरोबर तारखांत असे एक शून्य मिसळले, तरी अक्ष सव्वाशे वर्षांचा होतो आणि खऱ्या नोंदी उजव्या कडेला एका रेघेत चेपल्या जातात. यावर सूत्रात रिकामे अवतरण टाकायचा सल्ला दिला जातो. पण ते अवतरणही मजकूरच असते. पुढे भरायच्या ओळी आलेखाच्या पल्ल्यात न घेणे हाच स्वच्छ मार्ग. त्यासाठी एक्सेलमध्ये तक्त्याला कंट्रोल आणि टी दाबून ‘टेबल’चे रूप द्यावे. नवी ओळ भरली की आलेख तिला आपोआप सामावून घेतो.

अक्षावर १९०५ हे साल दिसले, तर कारण वेगळे आणि लगेच ओळखता येण्याजोगे आहे. रकान्यात पूर्ण तारखा नाहीत, नुसती साले आहेत, आणि त्यांना तारखेचा फॉरमॅट दिला गेला आहे. २००१ हा आकडा दिवस म्हणून मोजला तर २३ जून १९०५ येतो, २०२४ म्हणजे १६ जुलै १९०५. चोवीस वर्षांची आकडेवारी चोवीस दिवसांत मावते. सालांच्या रकान्याला ‘जनरल’ फॉरमॅट दिला की काम होते.

दोन अक्ष, दोन स्वभाव

रकाना निर्दोष असूनही पल्ला चुकत असेल, तर आता अक्षाकडे वळायचे. एक्सेलच्या रेषा आणि स्तंभ आलेखांत आडव्या अक्षाचे दोन प्रकार आहेत. ‘टेक्स्ट ॲक्सिस’ प्रत्येक नोंदीला समान जागा देतो आणि ओळींचा क्रम पाळतो. ‘डेट ॲक्सिस’ खऱ्या कॅलेंडरप्रमाणे अंतर ठेवतो, रकान्यातल्या तारखा मागेपुढे असल्या तरी काळाच्या क्रमाने लावतो, आणि न भरलेल्या दिवसांची जागा मोकळी सोडतो. ‘ऑटोमॅटिक’ ठेवले तर यातला कोणता हवा, हे एक्सेल रकाना पाहून ठरवते. अक्षावर उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडले की ही निवड दिसते. कॅल्कमध्ये अक्षाच्या ‘स्केल’ टॅबवर तीच सोय आहे. गूगल शीट्समध्ये आडव्या अक्षाखालची ‘ट्रीट लेबल्स ॲज टेक्स्ट’ ही खूण त्याच कामाची.

यातला कोणता निवडायचा, हे त्या नोंदींमागच्या वास्तवावर ठरावे. लासलगावच्या कांदा बाजारात सुटीच्या दिवशी लिलाव होत नाहीत. ‘डेट ॲक्सिस’वर स्तंभ आलेख काढला तर दर आठवड्याला एक खाच दिसते. ‘टेक्स्ट ॲक्सिस’ घेतला की खाचा जातात. पण त्याबरोबर दिवाळीची मोठी सुटी किंवा लिलाव बंद पडल्याचे दिवसही नाहीसे होतात, आणि दहा दिवसांत झालेली भाववाढ एका रात्रीत झाल्यासारखी दिसते. शेतकऱ्यासाठी हा फरक छोटा नाही. असा आलेख छापायचाच असेल तर बंद दिवसांची नोंद खाली द्यायला हवी. पावसाच्या आलेखाला तर ‘टेक्स्ट ॲक्सिस’ नकोच. पर्जन्यमापकाला सुटी नसते. तिथे मोकळी जागा म्हणजे हरवलेली नोंद, आणि शून्य म्हणजे कोरडा दिवस. रेषा आलेखात रिकाम्या सेलचे काय करायचे, हे ‘सिलेक्ट डेटा’मधल्या ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’मध्ये ठरते: खंड ठेवायचा, शून्य धरायचे की रेषा जोडून टाकायची. पावसासाठी खंडच ठेवावा. त्याच ठिकाणी लपवलेल्या ओळी दाखवायच्या की नाही, हेही ठरते. एखाद्या महिन्याच्या नोंदी अक्षावरून अचानक गेल्या, तर आधी फिल्टर लावलेला राहिला आहे का ते पाहावे.

नव्या नोंदी न दिसण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे हाताने बसवलेली मर्यादा. २०२५ च्या हंगामासाठी कुणी अक्षाची कमाल मर्यादा ३० सप्टेंबर २०२५, म्हणजे ४५,९३० अशी भरून ठेवली. पुढच्या वर्षी तीच फाइल नक्कल करून वापरली, की नव्या नोंदी त्या मर्यादेपलीकडे जातात आणि आलेख कोरा राहतो. एक्सेल २०१३ पासून ‘बाउंड्स’च्या चौकटीशेजारी ‘ऑटो’ किंवा ‘रीसेट’ असे लिहिलेले असते. ‘रीसेट’ दिसले म्हणजे आकडा हाताने भरलेला आहे. ते दाबले की अक्ष पुन्हा स्वयंचलित होतो. शीट्समध्ये ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या चौकटी मोकळ्या करायच्या. मर्यादा एखाद्या सेलमधून आपोआप उचलली जावी, अशी सोय एक्सेलमध्ये थेट नाही. त्यासाठी मॅक्रो लिहावा लागतो, किंवा हव्या त्या काळापुरत्या नोंदी ‘फिल्टर’ फंक्शनने वेगळ्या काढून त्यांचा आलेख करावा लागतो.

‘डेट ॲक्सिस’वर आणखी दोन चौकटी असतात. ‘मेजर’ म्हणजे खुणांमधले अंतर, आणि ‘बेस’ म्हणजे मोजणीचे एकक: दिवस, महिना किंवा वर्ष. ‘जून, जून, जून’ ही रांग ‘मेजर’मुळे लागते. खुणा दर आठवड्याला आणि फॉरमॅट फक्त महिन्याच्या नावाचा, तर नाव परत परत येणारच. ‘मेजर’ एक महिना केले की प्रत्येक महिना एकदाच येतो, आणि महिना तीस दिवसांचा असो वा एकतीस, खूण पहिल्या तारखेलाच पडते. आर्थिक वर्षासाठी किमान मर्यादा १ एप्रिल आणि ‘मेजर’ तीन महिने ठेवले की तिमाह्या नीट उमटतात.

‘बेस’ मात्र जपून बदलावे. रोजच्या पावसाच्या स्तंभ आलेखात ‘बेस’ महिना केले, की चार महिन्यांचे चार स्तंभ दिसतात आणि तो महिन्याचा एकूण पाऊस आहे असे वाटते. तसे ते नसते. एक्सेल बेरीज करत नाही. महिन्यातले सगळे स्तंभ एकावर एक, एकाच जागी उभे करते. त्यातला सर्वांत उंच तेवढा दिसतो, म्हणजे त्या महिन्यातल्या सर्वाधिक पावसाच्या एका दिवसाचा आकडा. दुष्काळाच्या किंवा पीकविम्याच्या चर्चेत असा आलेख पुढे आला, तर जुलैचा पाऊस प्रत्यक्षाच्या काही अंशच दिसेल. मासिक बेरीज हवी असेल तर ती पिव्होट टेबलने किंवा ‘सम इफ्स’ फंक्शनने आधी काढावी, मग आलेख करावा. पिव्होटमध्ये महिन्यांनुसार गट पाडले की तारखांची जागा महिन्यांची नावे घेतात, म्हणून तिथे अक्ष ‘टेक्स्ट’सारखा वागतो. तो दोष नाही.

एकाच रेषा आलेखात दोन केंद्रांच्या नोंदी असतील, तर एक्सेल आडव्या अक्षासाठी पहिल्या मालिकेच्याच तारखा घेते. दुसऱ्या केंद्राची नोंद आठवडाभर उशिरा सुरू झाली असेल, तरी तिची रेषा पहिल्या तारखेपासूनच निघते आणि सगळा पाऊस आठवडाभर आधी सरकतो. दोन्ही केंद्रांसाठी तारखांचा एकच रकाना करून न मिळालेल्या दिवशी सेल रिकामा ठेवणे, किंवा प्रत्येक मालिका आपल्या तारखा सांभाळते असा स्कॅटर आलेख घेणे, हे दोन उपाय आहेत.

स्कॅटर आलेखाचा अक्ष

स्कॅटर आलेखाला कॅलेंडर ठाऊक नसते, फक्त आकडे ठाऊक असतात. एक्सेल तिथे ५०, १०० अशा गोल आकड्यांवर खुणा पाडते. पण दिवसांच्या मोजणीत गोल असलेला आकडा कॅलेंडरमध्ये गोल नसतो. ४५,३०० म्हणजे ९ जानेवारी २०२४, ४५,४०० म्हणजे १८ एप्रिल, ४५,५०० म्हणजे २७ जुलै. अक्षावर अशा विचित्र तारखा त्यामुळे येतात. उपाय म्हणून किमान आणि कमाल मर्यादा हाताने भरायच्या: एखाद्या सेलमध्ये तारीख लिहून तिला ‘जनरल’ फॉरमॅट दिला की हवा तो आकडा मिळतो. महिन्याच्या खुणा मात्र इथे नेमक्या पडत नाहीत. अंतर ३० दिवस ठेवले तर १ जूननंतरची खूण १ जुलैला आणि त्यापुढची ३१ जुलैला येते.

तरीही काही कामांना स्कॅटरच लागतो, त्यातले मुख्य काम तासांचे. ‘डेट ॲक्सिस’चे सर्वांत लहान एकक दिवस आहे, एका दिवसातल्या सगळ्या वेळा तो एकाच उभ्या रेघेवर ठेवतो. मुंबईत सांताक्रूझला २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाच्या तासवार नोंदींचा आलेख करायचा, तर स्कॅटर घेऊन किमान मर्यादा ३८,५५९.३५४ (२६ जुलै, सकाळी साडेआठ), कमाल ३८,५६०.३५४ आणि खुणांचे अंतर ०.१२५, म्हणजे तीन तास, असे ठेवावे लागेल. याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडे चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजून त्याच दिवसाच्या तारखेला लिहितात. त्यामुळे सगळ्यांना २६ जुलै म्हणून आठवणारा पाऊस दैनिक आलेखात २७ जुलैला दिसतो. तिथे अक्ष ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये. तो बरोबरच आहे.

सगळा आलेख नेमका चार वर्षे आणि एक दिवस सरकलेला दिसला, तर फाइल जुन्या मॅक संगणकावरून आलेली असण्याची शक्यता मोठी. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०४ ला शून्य मानणारी दुसरी मोजणीही आहे आणि मॅकवर ती दीर्घकाळ नेहमीची होती. अशा फाइलमधून तारखा उचलून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवल्या की १,४६२ दिवसांचा फरक पडतो. रकान्यात तेवढे दिवस मिळवले किंवा वजा केले की झाले. फाइलच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांतली १९०४ ची खूण थेट बदलली, तर त्या फाइलमधली प्रत्येक तारीख हलते.

दोन अंकी सालांचाही असाच उपद्रव आहे. ‘२५’ लिहिले की २०२५ होते, पण ‘४५’ लिहिले तर १९४५ की २०४५, हे संगणकाच्या सेटिंगवर अवलंबून असते. कितीतरी वर्षे ही सीमारेषा २९ वर होती आणि ३० पासूनची साले मागच्या शतकात जात. निवृत्तिवेतनाच्या किंवा दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या वेळापत्रकात अक्ष अचानक शंभर वर्षे मागे गेला, तर कारण बहुधा हेच. साल चार अंकी लिहावे.

इतिहासाच्या अभ्यासकांची अडचण मात्र निराळी आहे. एक्सेलला १९०० पूर्वीच्या तारखाच नाहीत. लोकमान्य टिळकांच्या जीवनक्रमाचा आलेख करायला घेतला, तर २३ जुलै १८५६ हा जन्मदिवस आणि ४ जानेवारी १८८१ हा ‘केसरी’च्या पहिल्या अंकाचा दिवस मजकूर म्हणून राहतात, आणि १ ऑगस्ट १९२० हा मृत्युदिन तेवढा ७,५१९ या आकड्यात बदलतो. गूगल शीट्स आणि कॅल्क जुन्या तारखा ऋण आकड्यांत साठवतात, म्हणून तिथे त्यांचा अक्ष काढता येतो. एक्सेलमध्येच काम करायचे असेल, तर तारीख दशांश सालात बदलावी: साल, अधिक वर्षातले उलटलेले दिवस भागिले ३६५. ४ जानेवारी १८८१ चे १८८१.००८ होते. हा रकाना स्कॅटर आलेखाच्या आडव्या अक्षावर घ्यायचा, अक्षाला तारखेचा नव्हे तर दशांश नसलेला ‘नंबर’ फॉरमॅट द्यायचा, आणि किमान १८५०, कमाल १९२५, खुणांचे अंतर २५ असे भरायचे.